सुगंधाने शिकवलेली अक्षरं

पुणे, २ सप्टेंबर २०२४

ती. मोठेबाबांना दीक्षाचा सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. रविवारी फोनवर अर्धा तास बोलून झालं तरी तुम्ही पत्राची वाट बघता. आयुष्यभर रेल्वेच्या डाकगाडीत दुसऱ्यांची पत्रं लावली, आता स्वतःची यायला नको का, हे तुमचं म्हणणं मला पाठ झालं आहे. म्हणून लिहिते.

नोकरी चालू आहे. दिवसभर मोबाइलच्या अ‍ॅपमधलं मराठी तपासायचं. काल एका अ‍ॅपने ग्राहकाला कळवलं होतं, 'आपले खाते गोठून गेले आहे.' मी विचारलं, शेकोटी पेटवायची का? कोणी हसलं नाही. या लोकांना चूक दिसतच नाही, मोठेबाबा! आणि घरी येऊन मोबाइल उघडावा तर तिथेही तेच. 'आनि', 'कुटूंब', 'हार्दीक शुभेच्छा'. भात खाताना दर घासाला खडा लागावा तशी माझी गत होते.

पण त्याचा एक फायदा झाला. माझं 'वेलांटी' नावाचं पान आहे ना फेसबुकवर, जिथे मी लोकांच्या चुकांचे फोटो टाकते, त्याला आता साठ हजार वाचक झालेत. मागच्या आठवड्यात तर कहर झाला. कोणीतरी मला एक श्रद्धांजली पाठवली. लिहिणाऱ्याचं आणि गेलेल्या बाईचं, दोघांचीही नावं काळ्या पट्टीने झाकलेली होती. भाषेवरून आपल्या नागपूरचंच कोणीतरी वाटलं. एकही ओळ धड नाही. शेवटी लिहिलं होतं, 'तु गेलि आता मि कोनाले विचारु'. मी वर मथळा दिला, 'श्रद्धांजलीलाच श्रद्धांजली', आणि खाली लिहिलं, 'कोणाला विचारू? अहो, एखाद्या मास्तरांना विचारा!' हजारो लोक हसले. आमच्या ऑफिसातल्या नूपुरने तर ते छापून भिंतीवर लावलं.

हे पत्र नेहमीसारखं मोठ्या आईला वाचून दाखवा. तिला हसू येईल. आणि तिचा निरोप तुमच्या पत्रात नक्की लिहा. तिच्या निरोपाशिवाय तुमचं पत्र मला अळणी लागतं.

तुमची,
दीक्षा

इंदोरा, नागपूर
१६ सप्टेंबर २०२४

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. कारण विचारू नकोस, म्हाताऱ्या माणसाला कारणांची कमतरता नसते.

इकडे पाऊस थांबला आणि उकाडा परत आला. रोशनचं वाडीच्या गोडाऊनमधलं काम वाढलं आहे, ट्रक लागले की पोरगा घरी कधी येतो आम्हा आईबापांना कळत नाही. परवा कूलर काढून ठेवला आणि काल पुन्हा खिडकीत बसवला.

ते खातं गोठल्याचं वाचून मी हसलो. बाकी मी तुला एवढंच सांगतो, की डाकगाडीत मी चुकीचे पत्ते लिहिलेली पत्रं पोत्याने पाहिली. 'नागपूर'चं 'नापगुर' केलेलं पाहिलं. तरी पत्र पोचायचं, कारण ते कुठे जायचं आहे हे आम्हाला कळायचं.

ती श्रद्धांजली तुला कोणी पाठवली? ते पान अजून तसंच आहे का?

मोठी आई बरी आहे. निरोप काही नाही.

तुझे,
मोठेबाबा

पुणे, २६ सप्टेंबर २०२४

ती. मोठेबाबा,

'निरोप काही नाही' म्हणजे काय? मोठ्या आईचा निरोप नाही असं कधी झालं नाही. बाबा बल्लारपूरच्या खाणीत आणि मी शिकायला काका-काकूंकडे, म्हणजे तुमच्याकडे, तेव्हापासून मी घराबाहेर पडले की तिचा काहीतरी निरोप मागोमाग यायचाच. नसेल काही तर 'जेवली का' एवढं तरी असायचं. रविवारी फोन केला तर रोशनदादा म्हणाला, ती झोपली आहे. सकाळी अकरा वाजता?

मला माहीत आहे ती का रागावली. तिने ते उमरेडचं स्थळ आणलं होतं आणि मी भेटायलाही आले नाही. तिला सांगा, मुलगा वाईट नाही, मलाच सध्या लग्न नको आहे. तिच्यासाठी एक साडी पाठवते आहे, शिवलेल्या ब्लाऊजसकट, हिरवी, तिला आवडते तशी. आता तरी राग सोड म्हणावं.

आणि तुमच्या 'नापगुर'बद्दल. तुम्ही गोड शब्दांत मला रागावलात, एवढं कळतं मला. पण तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. इथे नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच बैठकीत मी म्हणाले, 'मी ते काम करून राहिली.' सगळे हसले. पुढे महिनाभर जो तो मला विचारायचा, 'काय करून राहिली वं?' मी पण हसायचे, आणि घरी येऊन रडायचे. मग मी ठरवलं, यांच्यापेक्षा चांगलं मराठी लिहीन. व्याकरणाची पुस्तकं आणली, रोज पानंच्या पानं लिहून काढली. आज तेच लोक मला विचारायला येतात, हे बरोबर आहे का म्हणून. मी एवढी मेहनत घेऊ शकते तर लोकांनी का घेऊ नये?

ते पान अजून आहे. का विचारलंत?

दीक्षा

इंदोरा, ५ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा,

साडी मिळाली. ती कपाटात आहे, नेसलेली नाही. स्थळाचा यात काही संबंध नाही. तुला न सांगण्याचं मी मोठ्या आईला वचन दिलं होतं. ते आज मोडतो आहे.

ती श्रद्धांजली तिने लिहिली होती.

तुझी मोठी आई लिहू-वाचू शकते. दोन वर्षं झाली. तुला माहीत नाही, कारण तिला ते तुला सांगायचं नव्हतं. एक दिवस तिच्या हातचं पत्र तुला पुण्याला यावं आणि तू चकित व्हावंस, असा तिचा बेत होता. मलाही पाकिटाला हात लावू देणार नव्हती.

तिला शिकवलं सुगंधाने. पलीकडच्या गल्लीतली सुगंधा रामटेके तुला आठवत असेल, दोघी बरोबरीने बिड्या वळायच्या. सुगंधा चौथी शिकलेली. हातातलं काम सुटल्यावर दोघी दुपारी विहाराच्या ओट्यावर बसायच्या, तिथे सुगंधाने पाटी काढली. मी इतकी वर्षं घरात असून मला हे सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ती माझ्याकडून शिकली नसती. नवऱ्यासमोर चुकायची तिला लाज वाटते. सुगंधासमोर वाटत नव्हती.

मग रोशनने मोबाइल दिला. त्याने सांगितलं, बोल, तो आपोआप लिहितो. तिने 'काहून' म्हटलं तर मोबाइलने 'कानून' लिहिलं. तीनदा म्हटलं, तीनदा कानून. ती म्हणाली, 'ह्या डबड्याले माही बोली समजत नाही, म्याच लिहितो.' तेव्हापासून एकेक अक्षर दाबून लिहायची. अडली की मोबाइल घेऊन सुगंधाकडे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सुगंधालाही नीट येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये सुगंधा वारली. मी तुला फोनवर सांगितलं होतं, तू कामात होतीस. त्या रात्री मोठ्या आईने वस्तीच्या ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा कोणाला न विचारता लिहिलं. 'आता मि कोनाले विचारु' याचा अर्थ आता तुला कळला असेल.

शेजारच्या मेघाने तुझं पान दाखवलं. तिला ती श्रद्धांजली कोणी लिहिली हे माहीत नव्हतं, बिचारी हसत हसतच घेऊन आली. मोठ्या आईने मोबाइल हातात घेतला आणि खाली लोकांनी लिहिलेलं सगळं स्वतः वाचलं. एकेक करत, बोट फिरवत, दुपारभर. तुझं नाव पानावर आहे, तेही वाचलं. मग मला म्हणाली, 'वाचता येत नोतं तवा बरं होतं.'

तेव्हापासून तिने लिहिणं सोडलं आहे. पाटी माळ्यावर टाकली. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. रागावलो आहे, आणि तुझी काळजीही वाटते आहे.

मोठेबाबा

पुणे, ११ ऑक्टोबर २०२४

ती. मोठेबाबा आणि मोठी आई,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही. सुगंधामावशीने मला किती वेळा शाळेतून घरी आणलं होतं. तिच्यासाठी लिहिलेल्या ओळींवर मी लोकांना हसवलं. नावं झाकलेली होती म्हणून कळलं नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण दुसऱ्या कोणाच्या मैत्रिणीचं असतं तर ते चाललं असतं का? ते मला आधी सुचायला हवं होतं.

मी ते काढून टाकलं आहे. भिंतीवरचा कागद फाडला. आणि पानावर लिहिलं आहे, की शुद्धलेखन महत्त्वाचं नसतं, भावना महत्त्वाची असते. मनापासून लिहिलेलं सगळंच बरोबर असतं. लोकांना ते फार आवडलं. आता ते पान मी बंद करते आहे.

मोठी आई, तू जसं लिहिलंस तसंच सुंदर होतं. त्यात एकही चूक नव्हती. मला माफ कर आणि पुन्हा लिही. तुला हवं तसं लिही, मी कधी काही म्हणणार नाही.

तुमची,
दीक्षा

इंदोरा, २४ ऑक्टोबर २०२४

चि. दीक्षा,

तुझं पत्र मी वाचून दाखवायला घेतलं, तर तिने हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचलं. मला वाटलं, आता निवळेल. उलट भडकली! दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी मला माळ्यावर चढवून पाटी उतरवून घेतली, आधी पाटीवर लिहायची, मग कागदावर. सोबतचं पत्र तिचं आहे. तपासून देऊ का विचारलं, तर म्हणाली, 'तुमी तिकडं बसा.' म्हणून तिकडे बसलो आहे.

मोठेबाबा

दिक्षा,

माहं हे पहीलं पत्र हाय. असं लिहाचं नोतं मले. पहीलं पत्र लाडाचं लिहाचं होतं.

तु हासली त्याचा राग आला. पन तुहं माफीचं पत्र वाचलं तवा जास्त आला. चुक नोती म्हनते तु. काहून खोटं बोलते वं? मले काय समजत नाही का. तु साठ हजार लोकाईपुढं चुका धरते आनि मोठी आई म्हतारी हाय म्हनुन तिची चुक नाही धरत. हे काय हाय. मले तुही किव नोको.

लोकं हासले तवा मले माही लाज नाही वाटली. मले वाटलं सुगंधानं निट नाही शिकवलं असं झालं. ती दोन वर्स ओट्यावर बसली माह्यासाठी. गुडघे दुखे तीचे. मि चुकलो की पाटी पुसे आनि म्हने पुन्हा लिव भिमे. कधी म्हनली नाही की चालते. तु म्हनते शुद्ध लिहाचं महत्त्व नाही. मंग तीनं काहून पुसली पाटी एवढ्या वेळा?

पुढच्या आगस्टले तिची वर्षी येइन. विहारात कार्यक्रम हाय. मि तिच्यावर एक पान लिहुन स्वता वाचनार हाय. त्यात चुक नाही पायजे मले. एक बी नाही. तीच्या नावानं हाय ते. सुगंधाले येत होतं तेवढं तीनं शिकवलं. पुढचं तुले येते. तर तु शिकव. लाल पेन्सील घे आनि सगळ्या चुका दाखव. एक बी लपवु नोको.

पन सुगंधा जीथं बोलते तीथं हात लावु नोको. ती मले असंच म्हने. मला असं नोती म्हनत. ते तीचं बोलनं हाय ते चुक नाही. आनि तुबी करुन राहिली म्हनली तवा चुकली नोती. ते हासले तर हासु दे. मले ह्यायनं सांगीतलं तवा मि रडलो.

तुहं ते पान बंद नोको करु. ज्याईले लिहाचा पगार भेटते त्याईले धर. कंपनीले धर, मोठ्या पाट्यावाल्याईले धर. माह्यासारख्याईले सोड. शिकवाचं असन त शिकव.

साडी नेसली. ब्लाऊज घट्ट हाय.

तुही मोठी आई
भिमाबाई

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. मोठ्या आईला दीक्षाचा जय भीम.

हे पत्र मी पहिल्यांदाच सरळ तुझ्या नावाने लिहिते आहे. पाकिटावर 'भीमाबाई देवराव गजभिये' लिहिताना हात थांबला. आजवर त्या पत्त्यावर कायम मोठेबाबांचंच नाव घातलं होतं.

तुझं पत्र रात्री वाचलं, सकाळी वाचलं, ऑफिसात जेवताना परत वाचलं. तुझं बरोबर आहे. मी खोटं बोलले. चुका होत्या, भरपूर होत्या. आणि या पत्रातही आहेत. ही बघ, सोबत तुझ्या पत्राची झेरॉक्स पाठवते. तू सांगितलंस म्हणून लाल पेन्सिल घेतली आणि सगळ्या दाखवल्या. एकही सोडली नाही. मूळ पत्राला मात्र हात लावला नाही, ते माझ्याकडे राहील. तुझी बोली जिथे आहे तिथेही काही केलं नाही. फक्त एवढंच सांगितलं, की तीच बोली लिहिताना वेलांटी कुठली घ्यायची.

समासात कारणं लिहिली आहेत. नुसती खूण करून सोडून देणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मला तुझ्या सुगंधाकडून कळलं. मला कोणी असं पाटी पुसून पुन्हा लिहायला लावलं नाही. मी रागाने शिकले, म्हणून लोकांनाही रागानेच सांगत सुटले.

पान चालू ठेवते आहे. काल एका बिल्डरच्या जाहिरातीत पाच चुका धरल्या. त्याने जाहिरात बदलली!

मावशीवरचं पान लिहायला घे. कच्चं असलं तरी पाठव. कितीही वेळा पाठव. आणि ब्लाऊजची शिवण उसवून घे, आत कापड ठेवायला सांगितलं होतं मी.

तुझी,
दीक्षा

ता. क. त्या बैठकीत मला हसलेला माणूस अजून माझ्याच टेबलापलीकडे बसतो. आज मी त्याला मुद्दाम म्हणाले, 'मी काम करून राहिली, नंतर ये.' तो गेला मुकाट्याने.

इंदोरा, २५ ऑगस्ट २०२५

चि. दीक्षास अनेक आशीर्वाद.

तुला रजा मिळाली नाही याचं मोठ्या आईला वाईट वाटलं, पण तिनेच सांगितलं की कालचं सगळं तुला सविस्तर कळव. 'आता तुमी लिहा, म्या वर्सभर लिहिलं' म्हणाली.

वर्षभर आपल्या घरात काय चाललं होतं ते तुला कसं सांगू! तुझं पाकीट आलं की ती आधी लाल खुणा बघायची, मग मजकूर वाचायची. एकदा खुणा कमी आल्या तर मला म्हणाली, 'पोरगी आळशी झाली.' मी म्हटलं, अगं, तू सुधारलीस. तिला ते पटायला संध्याकाळ झाली. मधल्या एका कागदावर तर तिने तुझीच खूण खोडून परत पाठवली होती, सुगंधा असं बोलत नव्हती म्हणून. मी म्हटलं, दीक्षा रागावेल. ती म्हणाली, 'रागावू दे, मास्तरीण ती असन, पन सुगंधाले मी ओळखतो.' तू ते मान्य केलंस, मला आवडलं.

काल विहारात माणसं बरीच होती. वंदना झाली, सुगंधाच्या मुलाने चार शब्द सांगितले, मग मोठ्या आईचं नाव पुकारलं. हिरवी साडी नेसून गेली होती. कागदाची घडी उलगडली आणि पहिली ओळ शोधत राहिली. मी खाली बसलो होतो, उठून जवळ जावं असं वाटलं. पण गेलो नाही. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मग वाचायला लागली. अडखळली, थांबली, ओळ बोटाने धरून पुन्हा वाचली. सुगंधा तिला पाटी पुसून पुन्हा लिहायला लावायची, ते आलं तेव्हा मागच्या बाया डोळे पुसत होत्या. कागद शेवटपर्यंत वाचूनच तिने खाली ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर आनंदराव आले. ते विहाराची पत्रिका काढतात. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, उलटून पाहिला. मला म्हणाले, 'देवराव, छान लिहिलं तुम्ही. छापतो. लिहिणाऱ्याचं नाव काय टाकू?'

मी काही बोलायच्या आत मोठ्या आईने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

'ह्यायनं नाही, म्या लिहिलं,' ती म्हणाली. 'नाव लिहा. शिकवनार, सुगंधा रामटेके. तपासनार, दीक्षा, माही पोरगी. लिहिनार, भीमाबाई. ह्या क्रमानंच लिहा.'

आनंदरावांनी खिशातून पेन काढलं. तिने ते त्यांच्याकडून घेतलं आणि कागदाखाली तिन्ही नावं स्वतःच लिहिली.

तुझे,
मोठेबाबा